जुना मोबाइल, नवा वाद्यसंच

सुरक्षा अपडेट मिळणे बंद झालेला स्मार्टफोन बँकेच्या व्यवहारांसाठी वापरू नये. पण गाणी ऐकण्यासाठी तो वर्षानुवर्षे उपयोगी पडतो.

प्रथम फोटो व संपर्क दुसरीकडे उतरवून फॅक्टरी रीसेट करावे. त्यामुळे साठलेल्या फाइली व अनावश्यक ॲप निघून जागा मोकळी होते. मग फक्त गाणी वाजवणारे हलके ॲप ठेवावे. सिमकार्ड काढून फ्लाइट मोड लावल्यास बॅटरी जास्त टिकते.

१२८ केबीपीएसची एमपी३ फाइल मिनिटाला सुमारे १ एमबी जागा घेते. म्हणजे १६ जीबीच्या मेमरी कार्डावर साधारण २७५ तासांचे संगीत मावते. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका केसरबाई केरकर यांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असे. तेवढे गाणे ३ एमबीत बसते. कलाकार आणि राग यांनुसार फोल्डर केल्यास शोधणे सोपे जाते.

फोनमध्ये एफएमची सोय असल्यास वायरचा इअरफोन जोडावा. त्याची वायरच अँटेनाचे काम करते व इंटरनेटविना रेडिओ ऐकता येतो.

लिथियम बॅटरीला उष्णता मारक असते. फोन उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. रात्रंदिवस चार्जिंगलाही लावू नये. बॅटरी फुगल्यास वापर लगेच थांबवावा. असा फोन कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावा.