पाळीव कुत्र्याला कच्चे मांस द्यावे का? कुत्र्याइतकाच धोका घरच्या माणसांनाही

घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावात कुत्र्याला कच्चे मांस खाऊ घालणारे लोक दोन प्रकारचे दिसतात. काहींनी हौसेने लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड पाळलेला असतो आणि मोबाईलवर व्हिडिओ पाहून 'रॉ डाएट' सुरू केलेले असते. इतरांचा शेतवस्तीवर राखणीचा कुत्रा असतो. खाटकाच्या दुकानात उरलेली वजडी, फोपसा, तिल्ली स्वस्तात किंवा फुकट मिळते आणि ती तशीच कुत्र्यापुढे टाकली जाते. पहिल्या घरात याला आहारशास्त्र म्हणतात, दुसऱ्या घरात ही जुनी सवय असते. कुत्र्याच्या पोटात मात्र दोन्हीकडे कच्चे मांसच जाते.

थोडक्यात महत्त्वाचे:

• जनावराचे कच्चे काळीज, फोपसा व इतर अवयव कुत्र्याला कधीही देऊ नयेत. त्यातून हायडॅटिड हा आजार घरातील माणसांपर्यंत पोहोचू शकतो.
• हेच अवयव तुकडे करून किमान ३० मिनिटे उकळले तर हा धोका राहत नाही.
• कुत्र्याला पट्टकृमीवर काम करणारे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित द्यावे.
• नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिल्लाची हाडे कमकुवत होतात.

कच्च्या आहाराची कल्पना कुठून आली?

कुत्रा लांडग्याच्या कुळातला, म्हणून त्याने कच्चे मांस आणि हाडेच खावीत, असा हा विचार आहे. ऑस्ट्रेलियातील पशुवैद्यक इयान बिलिंगहर्स्ट यांच्या १९९३ मधील पुस्तकानंतर तो जगभर पसरला. पण माणसाच्या सोबतीत कुत्र्याचे शरीरही बदलले आहे. २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार, पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. आपल्याकडचा गावठी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर जगत आला, त्यामागचे एक कारण हेच आहे.

कच्चे मांस खाऊन केस चमकदार होतात, कुत्रा तरतरीत राहतो, असे अनेक मालक सांगतात. पुरेशी प्रथिने आणि चरबी मिळाली की हा फरक पडतो आणि तो शिजवलेल्या मांसानेही पडतो. 'कच्चे मांस खाल्ले की कुत्रा तिखट होतो, राखण चांगली करतो' या समजुतीला मात्र आधार नाही. राखणीचा स्वभाव जात, सवय आणि शिकवण यांवर ठरतो.

सर्वात मोठा धोका: अवयवातली पाण्याची गाठ

शेळी, मेंढी, गाय किंवा म्हैस कापल्यावर कधी कधी काळजात किंवा फोपशात पांढरट, पाण्याने भरलेली गाठ दिसते. ही गाठ एकायनोकॉकस नावाच्या पट्टकृमीच्या अळीची असू शकते. गाठीचा तेवढा भाग 'खराब' म्हणून बाजूला काढला जातो आणि बहुतेक वेळा कुत्र्याला टाकला जातो. आजाराचे चक्र नेमके इथेच पूर्ण होते.

गाठीतल्या अळ्या कुत्र्याच्या आतड्यात जाऊन चिकटतात आणि साधारण सहा ते सात आठवड्यांत पूर्ण वाढतात. हा किडा जेमतेम २ ते ७ मिलिमीटर लांब असतो. एका कुत्र्याच्या पोटात असे हजारो किडे असू शकतात, तरीही कुत्रा धडधाकट दिसतो. त्याला जुलाब होत नाहीत, तो वाळत नाही आणि विष्ठेत डोळ्यांना काही दिसत नाही. किड्यांची सूक्ष्म अंडी मात्र विष्ठेतून सतत बाहेर पडत राहतात.

ही अंडी गवतावर पडली की चरणाऱ्या शेळीच्या किंवा म्हशीच्या पोटात जातात आणि तिच्या अवयवांत पुन्हा गाठी होतात. माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या काळजात किंवा फुफ्फुसात गाठ होते.

महाराष्ट्रातील जनावरांमध्ये हा कृमी आढळतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राज्यातील अभ्यासात गाय-म्हैसवर्गीय जनावरांत या गाठींचे प्रमाण शेळ्या-मेंढ्यांपेक्षा बरेच जास्त दिसले. मोठी जनावरे अनेक वर्षे जगतात, त्यामुळे गाठ वाढायला वेळ मिळतो. बोकड लहान वयातच कापला जातो. म्हणून मेलेले गुरे-ढोरे उघड्यावर टाकणे आणि त्यावर कुत्री पोसणे फार धोक्याचे आहे. पण शेळ्या-मेंढ्यांतही गाठी आढळतात, तेव्हा बोकडाचा फोपसा कच्चा दिला तरी चालतो, असा अर्थ काढू नये.

कंदुरी, जत्रा, आखाड किंवा बकरी ईद अशा प्रसंगी जनावर घरी किंवा शेतात कापले जाते. तिथे मांस तपासणारे कोणी नसते. शेळीच्या पोटातील चरबीच्या पडद्याला लटकणारी पाण्याची पिशवी अनेकांनी पाहिलेली असते. ती बहुधा दुसऱ्या एका पट्टकृमीची असते आणि त्यापासून माणसाला धोका नसतो. पण कोणती गाठ साधी आणि कोणती हायडॅटिडची, हे नुसत्या नजरेने ठरवू नये. प्रत्येक गाठ धोक्याची समजावी.

माणसाला लागण कशी होते?

इथे एक मोठा गैरसमज आहे. गाठ असलेले काळीज खाल्ल्याने माणसाला हा आजार होत नाही. तो कुत्र्याच्या विष्ठेतील अंडी पोटात गेल्याने होतो. त्यामुळे घरात कोणी मांसाहार करत नसले, पण कुत्र्याला बाहेर कच्चे अवयव मिळत असले, तरी त्या घराला धोका असतोच. एका माणसापासून दुसऱ्याला हा आजार होत नाही.

अंडी पोटात जाण्याचे मार्ग अगदी रोजचे आहेत:

• कुत्रा आपली गुदद्वाराची जागा चाटतो, मग अंग चाटतो. अंडी केसांना चिकटतात. मूल त्याला कुरवाळते आणि त्याच हाताने खाऊ खाते.
• कुत्रा चेहरा चाटतो किंवा घरातल्या ताटात तोंड घालतो.
• मेथी, कोथिंबीर, पालकाच्या वाफ्यात कुत्रा घाण करतो आणि भाजी नीट न धुता कच्ची खाल्ली जाते.
• उघड्या हौदातले किंवा चारीतले पाणी प्यायले जाते.

कडक उन्हात, कोरड्या मातीत ही अंडी लवकर मरतात. ओलसर, सावलीच्या जागी मात्र ती कित्येक महिने टिकतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला घेणाऱ्या पट्ट्यात अशी ओली जमीन वर्षभर असते.

माणसातील गाठ वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. बालपणी झालेली लागण तरुणपणी किंवा त्यानंतर लक्षात येऊ शकते. बहुतेक गाठी काळजात, त्याखालोखाल फुफ्फुसात होतात. पोटात उजवीकडे वर जडपणा किंवा दुखणे, कावीळ, सतत खोकला, छातीत दुखणे ही लक्षणे दिसतात. अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ सापडते. ती मार लागून फुटली तर अंगावर गांधी उठणे, रक्तदाब एकदम उतरणे अशी तीव्र ॲलर्जी होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. उपचारात गाठीच्या अवस्थेनुसार अल्बेंडॅझोलच्या गोळ्यांचा दीर्घ कोर्स, सुईद्वारे विशेष पद्धतीने गाठ रिकामी करणे किंवा शस्त्रक्रिया असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात कोणत्याही वेळी दहा लाखांहून अधिक लोक या कृमीच्या आजारांनी बाधित असतात.

कच्च्या मांसातील इतर धोके

जिवाणू: कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू वारंवार आढळतात. कुत्रा ते पचवून ठणठणीत राहू शकतो, पण त्याच्या लाळेतून आणि विष्ठेतून जिवाणू घरात पसरतात. लहान मुले, गरोदर महिला, वृद्ध, मधुमेही आणि कर्करोगावर उपचार घेणारे रुग्ण यांना त्याचा जास्त त्रास होतो. अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनने २०१२ पासून कच्चे किंवा अर्धवट शिजवलेले मांस देऊ नये, अशी भूमिका घेतली आहे.

बर्ड फ्लू: डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत एच५एन१ विषाणू आढळला. मांसभक्षक प्राण्यांना हा संसर्ग बाधित पक्ष्यांचे कच्चे मांस खाऊन होऊ शकतो. मांजरवर्गाला याचा धोका जास्त आहे, तरी मेलेली कोंबडी कुत्र्यापुढे टाकण्याची सवय सोडलेलीच बरी.

शेळीचा जार: गाभडलेल्या शेळीचा जार आणि मेलेले करडू कुत्र्याला खाऊ देऊ नका. गर्भपाताचे कारण ब्रुसेला हा जिवाणू असू शकतो आणि तो माणसालाही बाधतो. हातमोजे घालून जार खोल पुरावा.

मेंढी-शेळीचे नुकसान: कच्ची मुंडी आणि मेंदू खाणाऱ्या कुत्र्यात आणखी एक पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी खाल्लेल्या मेंढीच्या मेंदूत गाठ होते, ती गोल गोल फिरू लागते आणि शेवटी मरते. म्हणजे कुत्र्याला फुकट घातलेली मुंडी कळपाला महाग पडू शकते.

कॅल्शियमची कमतरता: मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. पिल्लू नुसत्या मांसावर वाढवले तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेते. पाय वाकतात, पिल्लू लंगडते, किरकोळ उडीनेही हाड मोडते. रोज भरपूर काळीज दिल्यास 'अ' जीवनसत्त्व जास्त होऊनही हाडे बिघडतात.

'फ्रीजरमध्ये ठेवून दिले तर चालेल का?'

उणे १८ ते उणे २० अंश तापमानात सलग दहा दिवस ठेवल्यास गाठीतल्या अळ्या मरतात. पण साध्या एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा तितका थंड असेलच असे नाही आणि गावात वीज किती वेळ जाते हे आपल्याला ठाऊक आहे. शिवाय गोठवल्याने साल्मोनेलासारखे जिवाणू मरत नाहीत. मांस वितळले की ते पुन्हा वाढतात. त्यामुळे आपल्याकडे भरवशाचा उपाय उकळणे हाच आहे.

मग कुत्र्याला काय द्यावे?

मांस बंद करायची गरज नाही, ते शिजवून द्या.

• काळीज, फोपसा, वजडी यांचे लहान तुकडे करा. पाणी खळखळ उकळू लागल्यापासून किमान ३० मिनिटे शिजवा. मोठा अवयव अख्खा टाकला तर आत कच्चा राहू शकतो.
• शिजवलेले चिकन, मटण किंवा अंडे भात, ज्वारी-बाजरीची भाकरी, भोपळा किंवा गाजर यांसोबत द्या. दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. गरज वय आणि हालचालीनुसार बदलते.
• काळीज अधूनमधून आणि थोडेच द्या.
• कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलाची पूड किंवा पूरक औषध किती द्यायचे, हे पशुवैद्यकाला कुत्र्याचे वजन सांगून ठरवा. वाढत्या पिल्लाला अंदाजाने कॅल्शियम देऊ नका.
• घरचा तिखट रस्सा देऊ नका. त्यातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो.
• शिजवलेली हाडे देऊ नका. ती टोकदार फुटतात आणि घशात किंवा आतड्यात अडकतात.

जंताचे औषध: कोणते, हे महत्त्वाचे

दुकानातून आणलेले कोणतेही जंताचे औषध या पट्टकृमीवर चालेलच असे नाही. त्यासाठी प्राझिक्वाँटेल हा घटक असलेले औषध लागते. मात्रा वजनानुसार असते. साधारण दर तीन महिन्यांनी औषध दिले जाते. मात्र कच्चे अवयव खाणाऱ्या कुत्र्याला ते अधिक वेळा लागू शकते, कारण किडा सहा-सात आठवड्यांतच अंडी घालू लागतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्रा काय खातो हे स्पष्ट सांगा आणि वेळापत्रक लिहून घ्या. औषध दिल्यावर दोन दिवस कुत्रा बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा खोल पुरा किंवा जाळा.

घरात पाळायच्या गोष्टी:

• कुत्र्याला हात लावल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुणे. मुलांना ही सवय लावणे.
• कुत्र्याचे भांडे वेगळे, धुण्याची जागा वेगळी.
• पालेभाजी वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुणे. वाफ्यांना कुंपण घालणे.
• जनावर कापल्यावर गाठी असलेले अवयव कुत्री उकरणार नाहीत इतके खोल पुरणे किंवा जाळणे.
• खाटकाला विनंती करणे, की दुकानामागे कुत्र्यांना कच्चे तुकडे टाकू नका.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

पोटाच्या वरच्या भागात गाठ किंवा जडपणा, कारण न कळणारी कावीळ, बरा न होणारा खोकला असेल तर तपासणी करून घ्या आणि घरात कुत्रा आहे, तो काय खातो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. खोकल्यातून अचानक खारट पाण्यासारखा द्रव पडला, किंवा पोटाला मार लागल्यावर अंगावर गांधी उठून चक्कर आली, तर लगेच रुग्णालय गाठा. सोनोग्राफीत 'हायडॅटिड' असा शेरा आला तर घाबरून जाऊ नका, पण टाळूही नका. जालन्याचे जिल्हा रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय येथे पुढील सल्ला घेता येतो.

हा आजार हटवता येतो, हे इतर देशांनी दाखवून दिले आहे. न्यूझीलंडमध्ये एकेकाळी हायडॅटिडच्या शस्त्रक्रिया नेहमीच्या होत्या. कुत्र्यांना कच्चे अवयव घालण्यावर बंदी आणि नियमित जंतनाशक या दोन गोष्टी त्यांनी अनेक वर्षे नेटाने पाळल्या आणि २००२ मध्ये देश या आजारापासून तात्पुरता मुक्त जाहीर झाला. आपल्या घरापुरती ही सुरुवात आजच करता येईल. कुत्र्यासाठी आणलेला फोपसा चुलीवर अर्धा तास उकळायला फारसा खर्च येत नाही.