खाणीच्या तोंडावरील इशारा

चंद्रपूर व नागपूर जिल्ह्यांतील भूमिगत कोळसा खाणींत परवानगीविना प्रवेश निषिद्ध असतो. हा निर्बंध केवळ औपचारिक नव्हे. कोळशाच्या थरांतून निघणारा मिथेन वायू रंगहीन व गंधहीन असतो. हवेत त्याचे प्रमाण 5 ते 15 टक्के असल्यास एक ठिणगीही स्फोटास पुरेशी ठरते. म्हणूनच विडी-काडी आत नेण्यास मनाई आहे. भूगर्भात उतरलेल्या प्रत्येक कामगाराची नोंद ठेवावी लागते. अपघातसमयी बचाव पथकास तिचाच आधार असतो. नोंदीविना शिरलेल्याचा मागमूस त्यास कसा लागावा? बंद पडलेली खाण तर अधिकच घातक. तेथे पंखे थांबलेले असतात, प्राणवायू घटतो, छत खचते. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही गोष्ट गुराख्यांना व मुलांना आवर्जून समजावून सांगावी.