साउंड कार्डाच्या माथी फुकटचं खापर

अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर लाखोंनी प्रेक्षक मिळू लागले, तसा जळगाव-धुळ्याकडे घरीच गाणं रेकॉर्ड करण्याचा नाद वाढला. जळगावातल्या मेहरूणच्या कॉलनीतली दहा बाय दहाची खोली, लॅपटॉप, एक कंडेन्सर माइक आणि ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बोलीभाषेतलं ‘साउंड कार्ड’, एवढ्यावर भागतं. खरेदीला निघालेल्या पोरांचा प्रश्न मात्र ठरलेला: कोणतं कार्ड घेतलं की आवाज स्टुडिओसारखा येईल?

कोणतंच नाही. माइकचा क्षीण सिग्नल वाढवून त्याचे आकडे करणं आणि ते लॅपटॉपला देणं, हे इंटरफेसचं काम. चांगल्या कंपनीचा दोन इनपुटचा साधा इंटरफेसही ते चोख करतो. आवाज बिघडवते खोली. खाली फरशी, वर स्लॅब आणि चार उघड्या भिंती असल्या की गाण्याबरोबर त्याचा घुमाराही माइकमध्ये शिरतो आणि नंतर तो नीटसा काढता येत नाही. यावर अंड्यांचे ट्रे चिकटवणं हा आपल्याकडचा लाडका उपाय. ट्रेने बाहेरच्या वरातीचा डीजे थांबत नाही आणि आतला घुमाराही फारसा कमी होत नाही. त्यापेक्षा कापसाची जाड गादी टांगा. खानदेशात कापसाला काय तोटा! पण ती माइकच्या मागे नव्हे, गायकाच्या पाठीमागे हवी. नेहमीचा कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, आणि त्याच्या समोर असते ती गायकामागची भिंत. गादी भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली तर आणखी बरं.

खोक्यावरच्या ‘१९२ किलोहर्ट्झ’ सॅम्पलिंग रेटला भुलू नका. ४४.१ किलोहर्ट्झवरही सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पकडता येतो आणि माणसाचा कान २०,०००च्या पुढे जात नाही. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. १९२ला फाइल चौपट होते, एवढंच. २४ बिटमुळे मीटर लाल दिव्यापर्यंत ढकलायचीही गरज उरत नाही. सर्वांत जोराची तान उणे १० डेसिबलपर्यंत गेली तरी पुष्कळ झालं.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागाहून येतो, तेव्हाही ‘कार्ड स्लो आहे’ म्हणून त्याच्यावरच खापर फुटतं. ४८ किलोहर्ट्झवर बफर १०२४ सॅम्पलचा असेल तर एका बाजूलाच २१ मिलिसेकंद जातात. तो १२८ केला की जेमतेम पावणेतीन. विंडोजवर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाका. नाहीतर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बटण दाबा, म्हणजे आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात येतो.

आठ इनपुट हवेत कशाला? संबळ, ढोलकी, गळा एकेक करून घेणार असाल तर दोन पुरतात. सगळी पार्टी एकदम वाजवणार असेल तर गोष्ट वेगळी. कंडेन्सर माइकला लागणाऱ्या ४८ व्होल्ट फँटम पॉवरमुळे शुअर एसएम५८सारखा डायनॅमिक माइक जळतो, हीही अफवाच. एक्सएलआर केबल धड असेल तर त्याला काही होत नाही. जपायचं ते जुन्या रिबन माइकला.

आणि रेकॉर्डिंगमध्ये मागे सतत ऐकू येणारी गुणगुण? लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर एक ओळ गाऊन बघा. आवाज स्वच्छ आला तर कार्ड परत करायला दुकानात जाऊ नका, घरचं अर्थिंग तपासायला वायरमनला बोलवा.