महाविद्यालयीन क्रीडा, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या संघांमध्ये होणारे सामने. अमेरिकन फुटबॉल व बास्केटबॉल हे त्यांतील सर्वाधिक लोकप्रिय खेळ होत. हे सामने केवळ विद्यार्थ्यांपुरते मर्यादित नसून ते एकीकडे स्थानिक अभिमानाचा विषय, तर दुसरीकडे राष्ट्रीय करमणुकीचा मोठा व्यवसाय आहेत. या दोन बाजूंमधील ताण त्यांच्या इतिहासात सुरुवातीपासून दिसतो.

देशातील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे हार्व्हर्ड व येल यांच्यातील १८५२ ची नौकाशर्यत. न्यू हँपशर राज्यातील एका सरोवरावर झालेल्या या शर्यतीचा खर्च एका रेल्वे कंपनीने, प्रवासी मिळावेत या हेतूने, उचलला होता. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविक येथे रट्गर्सने प्रिन्स्टनला ६–४ असे हरविले. हा महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना मानण्यात येतो. त्यात प्रत्येक बाजूस २५ खेळाडू होते. पुढे येलच्या वॉल्टर कँप यांच्या पुढाकाराने १८८० मध्ये ही संख्या ११ झाली व खेळाला स्वतंत्र रूप आले. मैदानावरील मृत्यू व गंभीर दुखापती यांवरून १९०५ मध्ये मोठा गहजब झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलाविले. १९०६ मध्ये नियामक संघटना स्थापन झाली. तिलाच १९१० पासून ‘नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथ्लेटिक असोसिएशन’ म्हणतात.

या क्रीडेला लोकाश्रय मिळण्याचे एक कारण विद्यापीठांच्या स्थानांत आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्याच्या साहाय्याने उभी राहिलेली अनेक विद्यापीठे महानगरांपासून दूर, लहान शहरांत होती. तेथे विद्यापीठाचा संघ हाच गावाचा व पुष्कळदा साऱ्या राज्याचा संघ ठरला. नेब्रॅस्का राज्यात मोठ्या व्यावसायिक लीगमधील फुटबॉल वा बास्केटबॉलचा संघ नाही. लिंकन येथील विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यांची तिकिटे मात्र १९६२ पासून सातत्याने पूर्ण विकली जात आली आहेत. शरद ऋतूतील शनिवारी महाविद्यालयाची पायरीही न चढलेले शेतकरी व दुकानदार संघाच्या रंगाचे कपडे घालून सामन्यास येतात. वाहनतळावर शेगड्या पेटवून सहभोजन होते, संचलन करणारे वाद्यवृंद निघतात आणि ‘होमकमिंग’च्या सामन्यास माजी विद्यार्थी गावी परततात.

या आपलेपणाची कक्षा प्रारंभी संकुचित होती. दक्षिणेकडील अनेक विद्यापीठांच्या संघांत कृष्णवर्णीयांना दीर्घकाळ स्थान नव्हते. १९६६ मध्ये टेक्सस वेस्टर्नच्या संघाने पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सुरुवात करून केंटकीला हरविले व बास्केटबॉलचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, ही घटना म्हणूनच महत्त्वाची ठरली. शिक्षणात लिंगभेदास मनाई करणाऱ्या १९७२ च्या कायद्याने स्त्रियांच्या क्रीडेस चालना मिळाली. २०२३ मध्ये लिंकनच्या फुटबॉल मैदानावर झालेल्या स्त्रियांच्या व्हॉलीबॉल सामन्यास ९२,००३ प्रेक्षक उपस्थित होते.

दूरचित्रवाणीने या क्रीडेचे अर्थकारण पालटले. प्रक्षेपणावरील संघटनेचे नियंत्रण सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये अवैध ठरविले. त्यानंतर विद्यापीठे व त्यांचे गट स्वतंत्रपणे करार करू लागले. मूळचे हे गट शेजारच्या विद्यापीठांचे असत. परंतु २०२४ मध्ये पॅसिफिक किनाऱ्याजवळचे स्टॅनफर्ड विद्यापीठ ‘अटलांटिक कोस्ट’ या गटात गेले. अशा फेरबदलांत शेजारच्या संघांमधील काही जुन्या लढती खंडित झाल्या.

उत्पन्न वाढले, तरी खेळाडू हौशी मानले गेल्याने त्यांना शिष्यवृत्तीपलीकडे फारसे काही मिळत नसे. २०२१ पासून त्यांना स्वतःचे नाव व छबी यांच्या व्यापारी वापराबद्दल पैसे घेण्याची मुभा मिळाली; २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आपल्या उत्पन्नाचा वाटा त्यांना थेट देऊ लागली. खेळाडूंवरील जुना अन्याय यामुळे बराच कमी झाला. तथापि पैसा व प्रक्षेपण यांच्या ओढीत संघाचे गावाशी असलेले नाते कितपत टिकेल, हा या क्रीडेपुढील मुख्य प्रश्न होय.