स्टॉल उठल्यावर काय? शहापूर-मुरबाडचा तांदूळ आणि शहरातली प्रदर्शनं

शहरातली व्यापारी संघटना हॉल घेते, शेतकऱ्यांना स्टॉल देते, आपण पिशव्या भरून घरी येतो. पण शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याच्या हातात यातून काय पडतं? आज तेच बघूया.

व्यापाऱ्यांनी शेतीत लक्ष घालणं तसं नवीन नाही. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर उभं राहिलं, १९३४ मध्ये पुण्यात मराठा चेंबर. आज दोघांच्याही नावात ‘ॲग्रिकल्चर’ आहे.

आता हिशेब करू. २०२४-२५ मध्ये साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. १०० किलो भात गिरणीत भरडला की साधारण ६५ किलो तांदूळ निघतो. म्हणजे किलोमागे पडले ३५ रुपये. समजा, तोच तांदूळ स्टॉलवर ६० रुपयांनी गेला, तर ३,९०० झाले. वरच्या १,६०० मधून भरडाई, पिशव्या, टेम्पो आणि शेतकऱ्याचे बुडालेले दिवस वजा करा. उरतं ते थोडकंच.

इथेच संघटनेचं काम सुरू होतं. शहापूरला आसनगाव स्टेशन जवळ आहे, मुरबाडला मात्र रेल्वे नाही. माल कल्याणला आणायचा तर रस्त्यानेच. दहा जणांचा माल एकाच टेम्पोत आणला, स्टॉलचं भाडं माफ केलं, की तेवढे पैसे शेतकऱ्याच्या खिशात राहतात.

आपल्याकडे जुनं प्रदर्शन आहेच की! मुरबाड तालुक्यातली म्हशाची यात्रा. पौष पौर्णिमेला तिथे गुरांचा मोठा बाजार भरतो, घोंगड्या विकल्या जातात. तिथे गिऱ्हाईक गावात येतं आणि पुढच्या पौषात कुठे यायचं हे त्याला ठाऊक असतं. शहरातलं प्रदर्शन तीन दिवसांत उठतं, मग शेतकरी सापडणार कुठे?

म्हणून मला विचाराल तर स्टॉलवरची विक्री ही फक्त ओळख. खरी कमाई दुसऱ्या ऑर्डरची. संघटनेने सोसायट्यांच्या ऑर्डरी गोळा करून महिन्याला एक टेम्पो भरून दिला, तरच प्रदर्शनाचा उपयोग.

पुढच्या वेळी स्टॉलवर तीन गोष्टी विचारा: भात कुठल्या गावचा, कधी भरडला आणि तांदूळ संपला की फोन कोणाला करायचा? नंबर मिळाला तर सेव्ह करा. आणि दिवाळीनंतर, नवं भात झोडून झालं की, फोन नक्की लावा!