विश्लेषण : मोबाइल गप्प झाला तर वेळापुरातून बोलायचे कसे? हॅम रेडिओचा ‘डिजिटल आवाज’ किती भरवशाचा?

आषाढात संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून वेळापूरला मुक्कामी येते, तेव्हा एका रात्रीपुरती या गावाची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढते. मोबाइलचे टॉवर मोजके, फोन मात्र लाखांत. दिंडीतला माणूस चुकतो, पाण्याचा टँकर भलत्याच तळावर जातो, कुणाला चक्कर येते. हात आधी मोबाइलकडे जातो आणि नेमका तेव्हाच कॉल लागत नाही. फिरते टॉवर उभे करून फरक पडतो, पण एका टॉवरची क्षमता ठरलेलीच असते. अशा प्रसंगी पर्याय म्हणून हॅम रेडिओचे नाव हमखास घेतले जाते. हा हौशी रेडिओ गेल्या दोन दशकांत डिजिटल झाला आहे. मात्र डिजिटल म्हणजे जास्त भरवशाचे, हे समीकरण इथे सरसकट लागू पडत नाही.

हॅम रेडिओ म्हणजे काय?

सरकारचा परवाना घेऊन, पैसे न कमावता, स्वतःच्या रेडिओ संचावरून इतर परवानाधारकांशी बोलण्याचा हा छंद आहे. परवान्यासोबत ‘व्हीयू’ने सुरू होणारे कॉल साइन मिळते आणि बोलताना ते सांगावेच लागते. गाणी लावणे, भाषण प्रसारित करणे, धंद्याचे निरोप देणे चालत नाही. वेळापुरात पालखीपुढे होणारे भारूड कितीही रंगले, तरी ते हॅम रेडिओवरून ऐकवता येणार नाही.

या छंदाची किंमत संकटात कळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळी संच घेऊन भूकंपग्रस्त भागात पोहोचली होती. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपातही तेच झाले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला असताना त्यांच्या संचावरून लोकांची खुशाली कळवली गेली. गर्दीपुरते बोलायचे, तर वारीला जवळचे उदाहरण पश्चिम बंगालमधील गंगासागर मेळ्याचे आहे. तिथे वेस्ट बेंगाल रेडिओ क्लबचे सदस्य चुकलेल्या यात्रेकरूंना घरच्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम करतात.

रिपीटर कशासाठी लागतो?

वेळापूरजवळ पोहोचताना वारकरी ‘धावा’ करतात. इथल्या चढावरून संत तुकाराम महाराजांना पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. हातातल्या वॉकीटॉकीच्या लहरींचेही बरेचसे असेच असते. अँटेनाला अँटेना ‘दिसली’ पाहिजे. मध्ये टेकडी आली की बोलणे खुंटते.

त्याचा एक सोपा हिशेब आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा. तेवढे किलोमीटर म्हणजे त्या अँटेनाचे रेडिओ क्षितिज. उभ्या माणसाच्या हातातला संच जमिनीपासून दीड मीटरवर धरला, तर उत्तर येते सुमारे पाच किलोमीटर. समोरच्याचेही पाच धरले, तर कागदावर दहा. प्रत्यक्षात माळशिरस तालुक्यातला डोक्यावर गेलेला ऊस, घरे आणि वाहने मध्ये आली की त्यातले दोन-चारच उरतात.

म्हणून उंचावर रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी तेच बोलणे दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने पुन्हा सोडतो. भारतात हॅमसाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. त्यात या दोन फ्रिक्वेन्सींमध्ये साधारणपणे ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात. समजा, माण तालुक्यातल्या शिखर शिंगणापूरसारख्या उंचीवर असा रिपीटर आहे. भोवतालच्या सपाटीपेक्षा त्याची अँटेना ५०० मीटर उंच धरली, तर वरच्या हिशेबाने त्याचे क्षितिज सुमारे ९२ किलोमीटरवर जाते. वेळापूर तिथून हवाई अंतराने ४० किलोमीटरच्या आसपास आहे, पंढरपूर ७० च्या. म्हणजे वेळापूर ते पंढरपूर हा पालखीचा अखेरचा टप्पा एकाच रिपीटरच्या छायेत येऊ शकतो. टॉवरच्या रांगा नाहीत, सिमकार्ड नाही आणि बिलही नाही.

आवाज ‘डिजिटल’ होतो म्हणजे काय?

जुन्या ॲनालॉग एफएम पद्धतीत आवाजाची लहर जशीच्या तशी रेडिओ लहरीवर चढते. डिजिटल पद्धतीत आवाजाचे आकडे होतात. साध्या टेलिफोनच्या दर्जाचा आवाज आकड्यांत मांडायला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. रेडिओच्या अरुंद पट्ट्यात एवढी जागा नसते. तिथे ‘व्होकोडर’ नावाची करामत कामी येते. ती आवाज साठवत नाही, त्याचे वर्णन पाठवते. सूर किती उंच, गळ्यातून आला की नुसता श्वासाचा, कोणत्या कंपनांवर जोर, असे टिपण दर २० मिलिसेकंदांनी तयार होते आणि पलीकडचा संच त्यावरून आवाज नव्याने घडवतो. डीएमआर या पद्धतीत हे काम २,४५० बिटमध्ये भागते. वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी आणखी १,१५० बिट जोडले की ३,६०० होतात.

डीएमआर मुळात हॅमसाठी बनलेली नाही. कारखाने, बंदरे, सुरक्षा यंत्रणा यांच्यासाठी युरोपच्या मानक संस्थेने ती २००५ मध्ये जाहीर केली. तिची खुबी वेळेच्या वाटणीत आहे. १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच वाहिनीवर ३० मिलिसेकंद पहिल्या जोडीला, पुढचे ३० दुसऱ्या जोडीला, अशी पाळी चालते. कानाला खंड जाणवत नाही आणि एकाच रिपीटरवर दोन संभाषणे होतात. वैद्यकीय पथक एका खणात आणि पाण्याच्या टँकरची व्यवस्था दुसऱ्यात, असे करता येते. शिवाय हातातला संच अर्धा वेळच लहरी सोडत असल्याने बॅटरी जास्त टिकते. दिवसभर पायी चालणाऱ्या स्वयंसेवकासाठी ही फार मोठी सोय आहे.

तिच्याआधी जपानच्या हॅम संघटनेने हॅमसाठीच डी-स्टार ही पद्धत २००१ मध्ये आणली होती. पुढे याएसू कंपनीची सिस्टिम फ्यूजन आली. अडचण अशी की या तिन्ही पद्धतींना एकमेकींची भाषा कळत नाही. डी-स्टारचा संच डीएमआरच्या संचाशी थेट बोलू शकत नाही. ज्यांनी ॲनालॉगवर पन्नास वर्षे कुणाचाही संच कुणाशीही जोडला, त्या छंदाने डिजिटल होताना स्वतःची तीन घरे करून घेतली, हे काही शहाणपणाचे झाले नाही. नंतर जोनाथन नेलर या ब्रिटिश हॅमने लिहिलेल्या एमएमडीव्हीएम या मुक्त प्रणालीमुळे एकच रिपीटर अनेक पद्धती ओळखू लागला. तरी हातातल्या संचांमधली भिंत कायम आहे. व्होकोडरचे तंत्रही खासगी कंपनीचे आहे. त्याला उत्तर म्हणून पोलंडमधील एका हॅमने २०१९ च्या सुमारास ‘एम१७’ ही पूर्णपणे खुली पद्धत सुरू केली. तिच्यात ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड रो यांचा ‘कोडेक २’ हा मुक्त व्होकोडर आहे. तो कुणीही उघडून पाहावा, शिकावा, बदलावा.

मग जगभर बोलणे कसे होते?

इथे ‘नेटवर्क’ येते. रिपीटरला इंटरनेट जोडले की त्याचे बोलणे दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या देशातल्या रिपीटरवर बाहेर पडते. डीएमआरमध्ये त्यासाठी ‘टॉकग्रुप’ असतात. टॉकग्रुप म्हणजे चावडीच समजा. ब्रँडमाइस्टर या जगभरच्या जाळ्यावर ९१ क्रमांकाची चावडी साऱ्या जगाची आणि ४०४ क्रमांकाची भारताची. प्रत्येक परवानाधारकाला एक ओळख क्रमांक मिळतो. बटण दाबताच कोण बोलतो आहे ते समोरच्याच्या पडद्यावर दिसते. जवळ रिपीटर नसेल, तर काडेपेटीएवढा ‘हॉटस्पॉट’ मिळतो. तो घरच्या वायफायला जोडायचा आणि हातातल्या संचावरून खोलीतल्या खोलीत त्याच्याशी बोलायचे. पुढचा प्रवास इंटरनेटने.

वेळापुरातल्या घरातून दुबईतल्या हॅमशी स्वच्छ आवाजात बोलता येते, यात मौज आहेच. पण त्या बोलण्यातला रेडिओचा वाटा चार-दोन मीटरचा असतो. पालखीच्या मुक्कामाला मोबाइल इंटरनेट कोलमडले, तर त्यावर चालणारा हॉटस्पॉटही त्याच क्षणी निकामी होतो. पुरात फायबर तुटला की टॉकग्रुप गप्प. किल्लारीत, भूजमध्ये, अंदमानात जे रेडिओ चालले, ते बॅटरी आणि तारेच्या अँटेनावर. मध्ये कुणाचाही सर्व्हर नव्हता. डिजिटल जाळ्याची जाहिरात करताना हा फरक अनेकदा झाकला जातो.

रिपीटर मात्र इंटरनेट गेल्याने मरत नाही. बॅटरी आणि सौरपट्टी असेल, तर जाळ्यापासून तुटलेला रिपीटरही आपल्या क्षितिजातल्या सगळ्यांना जोडून ठेवतो. अट एवढीच की तो तसा चालेल अशी मांडणी आधीच केलेली असावी आणि संचांमध्ये स्थानिक टॉकग्रुप भरलेला असावा. डीएमआरचा संच वापरण्याआधी संगणकावरून त्यात वाहिन्या, खण, क्रमांक भरावे लागतात. ऐनवेळी भूकंपग्रस्त गावात हे करत बसणे शक्य नसते. ॲनालॉग संचाला फ्रिक्वेन्सी दिली आणि रिपीटरला लागणारा एखादा टोन भरला की काम झाले.

आवाज खरेच चांगला येतो का?

सिग्नल पुरेसा असेल तोवर, हो. ॲनालॉगमध्ये अंतर वाढले की खरखर वाढते, तीही अगदी टप्प्याटप्प्याने. खरखरीतूनही कान अर्थ वेचत राहतो. ‘वेळापूर’ नाही तरी ‘…ळापूर’ ऐकू येते आणि काम भागते. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त होत असेपर्यंत आवाज लख्ख राहतो. मर्यादा ओलांडली की शब्दांचे तुकडे होतात, मग यंत्रासारखे गुरगुरणे आणि मग काहीच नाही. कड्याच्या टोकापर्यंत सपाट रस्ता आणि पुढे दरी, असा हा प्रकार आहे. धोका असा की दरी जवळ आल्याची सूचना बोलणाऱ्याला मिळत नाही.

दुसरी गोष्ट वारीत विशेष लागू पडते. व्होकोडर माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेला असतो. भोवती टाळ-मृदंग, भोंगे, ट्रकची इंजिने असतील, तर तो त्या गोंगाटाचेही माणसाच्या आवाजाच्या भाषेत वर्णन करू पाहतो आणि शब्द हरवतात. अमेरिकेतल्या अग्निशमन दलांना हा अनुभव आला. त्यांच्या तक्रारींनंतर २००८ मध्ये तिथल्या सरकारी प्रयोगशाळेने चाचण्या घेतल्या. अवजारांच्या आणि धोक्याच्या घंटांच्या काही प्रकारच्या गोंगाटात डिजिटलपेक्षा ॲनालॉगवरचे शब्द जास्त कळले. उपाय साधा आहे. माइक तोंडाशी धरायचा, गोंगाटाकडे पाठ करायची, वाक्य लहान ठेवायचे. पण तो सवयीचा भाग असतो, वाचून येत नाही.

म्हणूनच ज्या गटाला संकटात उपयोगी पडायचे आहे, त्याने ॲनालॉग मोडीत काढू नये. दोन्ही प्रकारचे सिग्नल ओळखणारा रिपीटर, डिजिटल खण नेहमीच्या समन्वयाला आणि एक साधी एफएम वाहिनी सगळ्यांसाठी मोकळी, ही विभागणी आज तरी सर्वांत व्यवहार्य दिसते.

वेळापूरच्या मुलामुलींना हे करता येईल का?

येईल. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकाला केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. रेडिओचे प्राथमिक शास्त्र आणि नियम असे तिचे दोन भाग आहेत. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीसाठी मोर्स संकेतलिपी येण्याची अट नाही आणि रिपीटरवर बोलायला ही श्रेणी पुरते. दहावीच्या विज्ञानातले ओहमचे नियम, विद्युतधारा पक्के असतील, तर पहिला भाग अवघड नाही.

उलट क्रम मात्र टाळावा. परवान्याआधी ऑनलाइन स्वस्त वॉकीटॉकी मागवून ती चालू करणे बेकायदा आहे. परवान्याविना वापरता येणारा वॉकीटॉकीचा पट्टा आहे, पण तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढाच आणि कमी ताकदीचा. बाजारात मिळणारे बरेच संच त्याबाहेर, पोलिसांच्या वाहिन्यांवरही लहरी सोडू शकतात. याच कारणाने मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या आणि वॉकीटॉकीच्या विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. डीएमआर संचात संभाषण कुलूपबंद करण्याची सोयही असते. ती हॅमने वापरायची नसते. या छंदात बोलणे उघडेच असावे लागते, कुणालाही ऐकता येईल असे.