मुलुंडचा डोंगर आणि दुधाची पिशवी

मुलुंड पूर्वेचा तो कचऱ्याचा डोंगर आठवतो ना? २४ हेक्टरांवर पसरलेला. ऑक्टोबर २०१८ पासून तिथे कचरा टाकणं बंद झालं. पण साचलेला सुमारे ७० लाख टन कचरा उपसायचा, चाळायचा, माती-प्लास्टिक-दगड वेगळे करायचे, हे काम वर्षानुवर्षांचं. घरात ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे ठेवले असते तर? असो.

सुका कचरा म्हणजे चक्क माल आहे! पाण्याच्या बाटलीपासून पॉलिस्टरचा धागा होतो. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला, खनिजापासून नव्याने बनवण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. रद्दीवाल्याला आणि बोहारणीला हे गणित आपल्याआधी कळलं होतं. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून ‘परिसर विकास’ उपक्रमातून कचरावेचक महिलांना खतनिर्मितीचं प्रशिक्षण दिलं, ते त्यांच्या कामाला मान मिळवून देण्यासाठी.

ओल्याचं म्हणाल तर भोकं पाडलेली बादली, भाजीची देठं, त्यावर सुकी पानं आणि थोडं आंबट ताक. पहिल्या खेपेला माझ्या बादलीत अळ्या झाल्या, घरच्यांनी बादलीसकट मलाही गॅलरीत काढलं! चूक साधी होती: सुकी पानं कमी पडली. दोन-अडीच महिन्यांत काळंभोर खत मिळालं.

आणि हो, दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. तो इवलासा तुकडा भंगारात जातच नाही, थेट गटारात सापडतो. पिशवी विसळून, वाळवूनच द्या.